नवा लेथ घेताना: स्विंगआधी वजन, हॉर्सपॉवरआधी पुली

छोट्या लेथवरून मोठ्यावर जायचं ठरलं की पहिला प्रश्न हमखास एकच असतो: स्विंग किती घ्यावा? प्रश्न चुकीचा नाही, पण तो पहिला नाही. बेडला, म्हणजे लेथच्या खालच्या लोखंडी पाट्याला, न घासता किती व्यासाचं लाकूड फिरेल, एवढंच स्विंगचा आकडा सांगतो. ते लाकूड न थरथरता फिरेल का, पटाशी टेकवल्यावर मोटर टिकाव धरेल का आणि आधी जमवलेले चक (लाकूड पकडणारे जबडे) नव्या स्पिंडलवर (मोटरने फिरणाऱ्या दांड्यावर) बसतील का, हे त्या आकड्यातून कळत नाही. लेथ बदलल्यावर हळहळ वाटते ती बहुतेक वेळा याच तीन गोष्टींमुळे.

तरी स्विंग नीट वाचता यायला हवा. स्पिंडलच्या मध्यापासून बेडपर्यंतच्या उंचीची दुप्पट म्हणजे स्विंग. उंची ६ इंच असेल तर लेथ १२ इंची. जुन्या ब्रिटिश यंत्रांवर कधीकधी दुप्पट न करता नुसती उंचीच लिहिलेली असते. म्हणून वापरलेलं ब्रिटिश यंत्र ‘६ इंची’ म्हणून विकायला आलं तर लहान समजून सोडू नका, टेप लावून बघा. शिवाय बेडवर बँजो, म्हणजे पटाशी टेकवायची टूलरेस्ट धरणारा भाग, बसतो आणि तो जागा खातो. १२ इंची लेथवर बँजोच्या वर साधारण ९ ते साडेनऊ इंचच उरतात. पोळपाट किंवा पसरट वाडगा बँजोच्या अलीकडे फिरतो, त्यामुळे तिथे पूर्ण १२ इंच मिळतात. पण ११ इंच व्यासाचा लांब ओंडका दोन टोकांत धरून कातायचा म्हटलं तर बँजो त्याच्याखाली जाणारच नाही. कंपनीच्या पत्रकात हा दुसरा आकडा बारीक अक्षरात असतो. तो शोधा.

मॉडेलच्या नंबरात बरंच काही दडलेलं असतं. जेट १२२१ म्हणजे १२ इंच स्विंग आणि दोन टोकांत २१ इंच. लगुना १८३६ म्हणजे १८ इंच आणि ३६ इंच. पॉवरमॅटिक ३५२० मात्र उलटा लिहिला आहे: लांबी ३५, स्विंग २०. टोकांमधली लांबी कामावरून ठरवा. लाटणी, रव्या, भोवरे, देव्हाऱ्याचे कळस यांना १८ इंच भरपूर झाले. जिन्याच्या कठड्याचे दांडे किंवा पलंगाचे पाय करायचे असतील तर ३६ इंचांखाली येऊ नका. टेलस्टॉकमध्ये (लाकडाचं दुसरं टोक धरणाऱ्या, बेडवर सरकणाऱ्या भागात) ड्रिल चक लावून भोक पाडायचं असेल तर ड्रिल आणि चक मिळून ८ ते १० इंच सहज खातात, तेही हिशोबात धरा.

नवा लेथ शोधायला लागण्याआधी आठ-दहा दिवस सध्याच्या लेथजवळ एक वही ठेवा. काम अडलं की का अडलं ते लिहा. कारणं चारच निघतील: व्यास पुरला नाही, लांबी पुरली नाही, मोटर थांबली किंवा यंत्र हादरलं. पहिल्या दोन्हींना नव्या लेथशिवाय इलाज नाही. (लांबीसाठी काही लेथना बेड एक्स्टेन्शन मिळतं.) मोटर थांबते तेव्हा आधी पट्ट्याचा ताण, पुलीचे ग्रब स्क्रू (बिनडोक्याचे छोटे स्क्रू) आणि पटाशीची धार तपासा. बोथट गाऊजने (खोलगट पटाशीने) अर्धा हॉर्सपॉवर गिळल्याची तक्रार लोक मोटरकडे घेऊन जातात. हादऱ्यावर मात्र स्वस्त आणि खात्रीचा उपाय आहे, तो म्हणजे वाळू.

हादरा कुठून येतो ते एकदा आकड्यांत बघू. आंब्याचा ओला ओंडका, १२ इंच व्यास, ५ इंच जाडी. घनफळ सव्वानऊ लिटर होतं. ओलं लाकूड पाण्याच्या जवळपास वजनाचं धरलं तर ठोकळा ९ किलोचा. ओंडक्याची एक बाजू गाभ्याकडची, दुसरी सालीकडची, त्यामुळे वजनाचा मध्य फिरण्याच्या मध्यापासून ५ मिलिमीटर सरकलेला असणं अगदी नेहमीचं आहे. मिनिटाला ३०० फेऱ्यांवर हा ठोकळा स्पिंडलला साडेचार किलोच्या जोराने ओढतो. ५०० फेऱ्यांवर हा जोर साडेबारा किलो होतो आणि १००० फेऱ्यांवर ५० किलो. फेरे दुप्पट झाले की ओढ चौपट होते. ही ओढ एका दिशेची नसते. ती फिरत राहते, म्हणजे सेकंदाला आठ ते सोळा वेळा यंत्राला वर, पुढे, खाली, मागे खेचते. ४० किलोचा मिनी लेथ १००० फेऱ्यांवर या ठोकळ्याला धरूच शकत नाही, तो टेबलावर उड्या मारणार.

बरेच छोटे लेथ ५०० फेऱ्यांखाली जातच नाहीत. म्हणजे ओबडधोबड ठोकळा गोल करायच्या पहिल्या पाच मिनिटांतच ते उघडे पडतात. म्हणून नव्या लेथमध्ये सर्वांत आधी दोन गोष्टी बघा: यंत्राचं वजन आणि सर्वांत कमी वेग. १२ इंची मिडी लेथ ५५ ते ६५ किलोंचे असतात. १६ ते १८ इंची उभे लेथ साधारण दीडशे ते अडीचशे किलो, २० इंची तीनशेच्या पुढे. सर्वांत कमी वेग ५० ते १०० फेऱ्यांपर्यंत यायला हवा. मिनिटाला २५० फेऱ्यांच्या खाली न जाणारा १६ इंची लेथ कितीही स्वस्त मिळाला तरी वाडग्याच्या कामाला घेऊ नका.

वाळूचा हिशोबही सोपा आहे. कोरडी वाळू लिटरला दीड ते १.६ किलो भरते. स्टँडच्या पायांमध्ये खालच्या बाजूला ५० सेंमी लांब, ४० सेंमी रुंद, १५ सेंमी उंच असा प्लायचा खोका बसवला तर त्यात ३० लिटर, म्हणजे ४५ ते ४८ किलो वाळू मावते. असे दोन खोके केले की मिडी लेथची वर्तणूक बदलते. वाळू उन्हात वाळवून पिशव्यांत भरा आणि मगच खोक्यात ठेवा. ओली वाळू प्लाय कुजवते, स्टँडला गंज लावते. खोका स्टँडला बोल्टने आवळलेला हवा, नुसता टेकवलेला नको. वहीत फक्त ‘हादरलं’ हीच नोंद जास्त असेल तर हे करून बघा, कदाचित मोठ्या यंत्राचा खर्च दोन वर्षं पुढे जाईल.

वेगाचा जुना ठोकताळा असा: व्यास इंचांत, फेरे मिनिटाला, दोन्हींचा गुणाकार ६००० ते ९००० मध्ये ठेवा. १० इंची पोळपाटाला ६०० ते ९०० फेरे, २ इंची लाटण्याला ३००० ते ४५००. हा आकडा गोल झालेल्या, समतोल, सुक्या लाकडासाठी आहे. ओबडधोबड ठोकळ्यासाठी त्याच्या निम्म्यानेही सुरुवात करू नका. शून्यापासून हळूहळू चढवा आणि यंत्र थरथरायला लागलं की तिथून ५० फेरे खाली या. १२ इंच व्यासाचा काठ १००० फेऱ्यांवर ताशी ५७ किलोमीटरने धावत असतो. त्यातून सुटलेली ढलपी त्याच वेगाने येते. फेसशील्ड हवंच. चष्मा पुरत नाही.

मोटर: आकडा एक, ताकद दोन

दीड हॉर्सपॉवर, दोन हॉर्सपॉवर हे आकडे वाचून लेथची ताकद कळते असं वाटतं. पण कातताना उपयोगी पडतो तो पीळ, म्हणजे टॉर्क. हळू फिरणाऱ्या मोठ्या तुकड्यावर तो किती उरतो हे पुली ठरवते.

एक हॉर्सपॉवरची चार पोलची मोटर घ्या. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर ती १४४० फेरे देते आणि तिचा पीळ सुमारे ५ न्यूटन-मीटर असतो. आता ठोकळा ४८० फेऱ्यांनी फिरवायचाय. वाट पहिली: मोटर पूर्ण वेगात ठेवायची आणि पुलीने एकास तीन असा वेग उतरवायचा. स्पिंडलवर पीळ तिप्पट होतो, जवळजवळ १५. १२ इंची ठोकळ्याच्या काठावर, म्हणजे मध्यापासून ६ इंचांवर, हे यंत्र दहा किलोच्या जोराने पटाशीला भिडतं. वाट दुसरी: पुली एकास एक ठेवायची आणि व्हीएफडीने, म्हणजे विजेचे हर्ट्झ बदलून मोटरचा वेग बदलणाऱ्या पेटीने, मोटरच १७ हर्ट्झवर आणायची. पीळ ५ चा ५ च राहतो, काठावर जोर उरतो सव्वातीन किलो. तीच मोटर, तोच वेग आणि तीनपट फरक. दुसऱ्या वाटेने जाणारा लेथ गाऊज जरा खोल गेला की थांबतो आणि मालक म्हणतो, मोटर कमी पडते.

म्हणून व्हीएफडी असलेल्या लेथलाही किमान दोन, शक्यतो तीन पुली-पायऱ्या हव्यात. वेग बदलायला पट्टा हलवावा लागू नये ही सोय चांगलीच, पण वाडगा लावला की पट्टा खालच्या पायरीवर टाकण्याचा कंटाळा करू नका. दुसरं कारण उष्णतेचं. मोटरचा पंखा तिच्याच दांड्यावर असतो. मोटर हळू फिरली की पंखाही हळू फिरतो आणि वारा मिळत नाही. १५-२० हर्ट्झवर अर्धा तास रगडलेली मोटर हात लावू देत नाही.

नोव्हाच्या डीव्हीआर लेथमध्ये पट्टाच नसतो, मोटर थेट स्पिंडलवर असते आणि वेग-ताकदीचा सांभाळ इलेक्ट्रॉनिक्स करतं. काम उत्तम होतं. मात्र त्यातलं कंट्रोल कार्ड बिघडलं तर गावातला मोटर बांधणारा काही करू शकत नाही, हे आपल्याकडे जमेस धरायला हवं. छोट्या लेथमध्ये डीसी मोटर असते. तिचे कार्बन ब्रश झिजतात, ते मिळतात का ते आधीच विचारा आणि एक जोडी घेऊन ठेवा.

ताकद किती घ्यावी? १२ इंचांपर्यंत पाऊण ते एक हॉर्सपॉवर, १६ इंचांना दीड, १८ ते २० इंचांना दोन. घरगुती एक-फेज विजेवर दोन हॉर्सपॉवरपर्यंतचा लेथ व्यवस्थित चालतो. त्यासाठी १६ अँपिअरचा वेगळा पॉइंट, २.५ चौरस मिमीची तार, सी प्रकारचा एमसीबी आणि खरंखुरं अर्थिंग लागतं. काही आरसीसीबी (विजेची गळती ओळखून पुरवठा तोडणारे स्विच) व्हीएफडीच्या बारीक गळतीने विनाकारण पडतात. तसं झालं तर आरसीसीबी काढून टाकू नका, इलेक्ट्रिशियनला व्हीएफडीला चालणारा प्रकार बसवायला सांगा.

अमेरिकेतून घर हलवताना तिकडचा लेथ सोबत आणणाऱ्यांसाठी एक गोष्ट. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ बदलत नाही. साधी ६० हर्ट्झची इंडक्शन मोटर इकडे पाच-षष्ठांश वेगाने फिरते आणि जास्त तापते. व्हीएफडीवरचा २२० व्होल्टचा लेथ असेल आणि त्याच्या पाटीवर ५०/६० हर्ट्झ लिहिलं असेल तर अडचण नाही, कारण मोटरला लागणारे हर्ट्झ व्हीएफडी स्वतःच तयार करतो.

स्पिंडलचे आटे

यंत्र पसंत पडलं तरी स्पिंडलचे आटे बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. चक, फेसप्लेट (लाकूड स्क्रूने बसवायची चकती), व्हॅक्यूम चकचे अ‍ॅडॅप्टर, सगळं त्या आट्यांवर अवलंबून असतं. मिडी लेथवर बहुतेक १ इंच ८ टीपीआय (इंचाला आठ आटे), मोठ्या अमेरिकी लेथवर सव्वा इंच ८ टीपीआय आणि युरोपीय लेथवर एम ३३ × ३.५. मोजायला सोपं आहे. इंची आट्यांवर पट्टी ठेवली की एका इंचात आठ शिखरं मोजता येतात. एम ३३ चा बाहेरचा व्यास ३३ मिमीच्या आसपास आणि दहा आट्यांची लांबी ३५ मिमी. १४ इंचांच्या पुढच्या लेथला १ इंचाचा स्पिंडल असेल तर तो माझ्या मते बारीकच. एम ३३ किंवा सव्वा इंच असलेला घ्या.

देशी लेथवर एक फसवा प्रकार आढळतो. १ इंच व्हिटवर्थ आट्यांनाही इंचाला आठच आटे असतात, पण त्यांचा कोन ५५ अंशांचा. आजच्या चकचे आटे ६० अंशांचे. चक चढतो, बसल्यासारखाही वाटतो, पण आटे कडांवरच टेकलेले असतात. अशा वेळी चक आट्यांमागच्या खांद्याला पूर्ण भिडतो का ते बघा. खांदा आणि चक यांच्यात वहीच्या कागदाची पट्टी सरकवा. चक आवळल्यावर कागद सगळीकडून घट्ट धरला गेला तर ठीक, एका बाजूने सुटला तर चक तिरका बसतोय. चकचा खरा आधार खांदा असतो, आटे फक्त त्याला ओढून धरतात.

आधीचे चक वाया जातीलच असं नाही. ज्या चकमध्ये इन्सर्ट (आटे असलेला मधला तुकडा) बदलता येतो त्याला नव्या आट्यांचा इन्सर्ट घेतला की झालं. थेट आटे कापलेला चक मात्र नव्या लेथवर अ‍ॅडॅप्टरनेच लागेल. अ‍ॅडॅप्टर चकला इंचभर पुढे ढकलतो आणि डगमग वाढवतो. छोट्या कामाला चालेल, १४ इंची वाडग्याला नको. लेथ उलटा फिरवायची सोय असेल तर चकला लॉकिंग ग्रब स्क्रू असलाच पाहिजे, नाहीतर उलट्या फेऱ्यांत चक उलगडून खाली येतो.

स्पिंडलच्या आत मोर्स टेपर, म्हणजे ठरावीक मापाचं निमुळतं भोक, असतो. एमटी२ घ्या. त्याचं तोंड पाऊण इंचाहून किंचित लहान, १७.७८ मिमीचं असतं. एमटी१ चं तोंड बारा मिमीचं असतं आणि त्याला मिळणारं सामान तोकडं. आधीच्या लेथचे सेंटर एमटी२ असतील तर ते तसेच चालतात. टूलरेस्टच्या दांड्याकडेही बघा. छोट्या लेथवर तो ५/८ इंच असतो, मोठ्यावर १ इंच. लहान दांडा मोठ्या भोकात बुश घालून वापरता येतो. २५ मिमीचं भोक असलेल्या बँजोत २५.४ मिमीचा दांडा मात्र जात नाही, तो कातून घ्यावा लागतो.

देशी की आयात

राजकोट, लुधियाना, बटाला इकडचे ओतीव लोखंडाचे लेथ वजनाला दणदणीत असतात. फर्निचरच्या वखारीत दिवसभर पलंगाचे पाय काततात ते बहुधा असेच. त्यांचा बेड भक्कम, मोटर कुठेही दुरुस्त होणारी. उणीव तीन ठिकाणी: वेग तीनच, सर्वांत कमी वेग फार जास्त आणि बँजो पान्याने आवळायचा. आयात लेथवर या तिन्ही गोष्टी तयार मिळतात. हाताशी वेळ असेल आणि एखादा कसबी टर्नर ओळखीचा असेल तर जुना देशी लेथ घेऊन तो सुधारणं मला पटतं. घेतल्या दिवसापासून कातायचं असेल तर आयात घ्या.

सुधारायचं ठरलं तर मोटर तीन-फेजची, चार पोल, दीड हॉर्सपॉवर घ्या. घरी एकच फेज असला तरी चालतं. व्हीएफडी एक-फेज २३० व्होल्ट घेऊन तीन-फेज २३० व्होल्ट देतो. म्हणून मोटर २३० वर चालणारी हवी. पाटीवर ‘२३०/४०० डेल्टा/स्टार’ असं असेल तर टर्मिनल बॉक्समधल्या पट्ट्या डेल्टात लावायच्या (डेल्टा आणि स्टार हे मोटरच्या तारा जोडायचे दोन प्रकार). पाटीवर ४१५ व्होल्ट डेल्टा असेल तर ती मोटर या कामाची नाही. २३०/४०० ची मोटर स्टारमध्येच ठेवून चालवली तर ती फिरते खरी, पण पीळ इतका कमी पडतो की चांगली मोटर खराब समजून परत जाते.

व्हीएफडीत बेस फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झ, कमाल ७५, वेग चढायला ६ ते ८ सेकंद, उतरायला ८ ते १०. मोटरच्या पाटीवरचा अँपिअर ओव्हरलोडमध्ये भरा. उतरायचा वेळ फार कमी ठेवला तर जड वाडगा थांबवताना व्हीएफडी ओव्हरव्होल्टेज दाखवून बंद पडतो. त्याला वेळ वाढवा किंवा ब्रेकिंग रेझिस्टर जोडा. मोटर आणि व्हीएफडी यांच्यामध्ये स्विच टाकू नका, चालू स्थितीत तो उघडला तर व्हीएफडी जाऊ शकतो. चालू-बंद त्याच्या कंट्रोल टर्मिनलवरून करा. आणि एक सेटिंग डोळ्यांत तेल घालून तपासा: वीज जाऊन परत आली की लेथ आपोआप सुरू होता कामा नये. भारनियमनाच्या गावात अंधारात चकला हात लावून उभं असताना वीज येते. ऑटो-रीस्टार्ट बंद ठेवा आणि चालू करायला बटण दाबावंच लागेल अशी जोडणी करा. व्हीएफडी भुशापासून दूर, जाळी-फिल्टर असलेल्या पेटीत, डोक्याच्या उंचीवर लावा.

वापरलेला लेथ बघायला गेल्यावर

सोबत न्या: दोन टोकदार सेंटर, डायल गेज (बारीक हालचाल काट्यावर दाखवणारं माप), टॉर्च, पट्टी, कागद आणि स्वतःचा चक. यंत्र बंद असताना पट्टा सोडवा आणि स्पिंडल हाताने फिरवा. चांगलं बेअरिंग लोण्यासारखं फिरतं, खराब बेअरिंगात बोटांना वाळू लागते. मग स्पिंडलच्या टोकाला धरून वर-खाली हलवा. ठक् असा आवाज आला तर बेअरिंग तरी गेलंय किंवा त्याची जागा तरी झिजलीय. ६२०५, ६२०६ अशी नेहमीची बेअरिंगं असतील तर बदलणं हलकं काम आहे. झिजलेली जागा भरून आणणं मात्र जड. डायल गेज टेपरच्या आतल्या भिंतीला लावून स्पिंडल फिरवा. ०.०३ मिमीच्या आत काटा हलला तर लाकडाला उत्तम, ०.१० च्या पुढे गेला तर सोडून द्या.

टेलस्टॉक हेडस्टॉकजवळ (स्पिंडल धरणाऱ्या भागाजवळ) आणा, टोकाला टोक लावा. मग क्विल (टेलस्टॉकमधली पुढे-मागे सरकणारी नळी) पूर्ण बाहेर काढून पुन्हा बघा. टोकं बाजूला चुकत असतील तर हेडस्टॉकचे बोल्ट सैल करून बसवता येतात. उंचीत चुकत असतील तर पत्र्याची पातळ शिम लागते. टेलस्टॉक सरकवत जाताना चूक बदलत गेली तर बेडला पीळ आहे. बहुतेकदा तो जमिनीमुळे असतो आणि पाय बरोबर केले की जातो. टेलस्टॉक आवळून त्यावर अंगाचा भार टाका; सरकला तर आतला नट वळवून कॅम बसवा. क्विल ३ ते ४ इंच बाहेर यायला हवी आणि मागे घेतल्यावर सेंटर आपोआप सुटायला हवं. टेलस्टॉक आरपार पोकळ असेल तर समईच्या दांड्यासारख्या कामाला लांब ड्रिल मागून घालता येतं.

हेडस्टॉक बेडवर सरकवता येत असेल तर वाडगे करणाऱ्याची पाठ वाचते. तो बेडच्या टोकाला आणला की यंत्रावर न वाकता समोर उभं राहून आतून कातता येतं. फिरणारा हेडस्टॉकही तेच काम करतो, पण परत सरळ केल्यावर टोकं दर वेळी तपासावी लागतात.

लाखेचं काम करणाऱ्यांनी मोठ्या लेथची घाई करू नये. सावंतवाडीचं किंवा चन्नपट्टणचं लाखकाम बघा: छोटा तुकडा जोरात फिरतो, लाखेची कांडी दाबली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून पसरते आणि केवड्याच्या पानाने ती एकसारखी होते. याला वेग आणि न डगमगता फिरणारा स्पिंडल हवा. वीस इंची लेथचा इथे काही उपयोग नाही.

घरी आल्यावर

दोनशे किलोचा लेथ चौघांनी तसाच उचलायचा नसतो. टेलस्टॉक, बँजो, मग हेडस्टॉक असं बेडवरून एकेक उतरवा, बेड आणि पाय वेगळे न्या. जोडून झालं की बेडच्या टोकाची अडवणूक-पिन आधी परत बसवा, नाहीतर टेलस्टॉक सरकवताना थेट पायावर येतो. कारखान्यातलं ग्रीस रॉकेलच्या फडक्याने पुसा, कोरडं करा.

चारही पाय जमिनीला सारखे टेकेपर्यंत लेव्हलिंग बोल्ट फिरवा. प्रत्येक पायाखाली कागद ठेवून तो ओढून बघा, चारही कागद सारखे घट्ट हवेत. मग लॉकनट. खडबडीत कोब्यावर लेथ थेट बोल्टने खाली ओढून आवळला की बेडला पीळ पडतो आणि कारखान्यातून जुळून आलेली टोकं घरी चुकतात. उंची अशी ठेवा की काम करताना घालता ती चप्पल-बूट घालून उभं राहिल्यावर स्पिंडलचा मध्य कोपराच्या उंचीला येईल. वाडगे जास्त करत असाल तर इंच-दोन इंच वर. आयात लेथ आपल्या उंचीला बहुधा उंच पडतात. लेथ कापण्यापेक्षा पायाखाली लाकडी फळ्यांचा पाट करा. तो लेथच्या पूर्ण लांबीचा हवा, अर्धवट पाटावरून पाय घसरतो.

पुल्यांचे ग्रब स्क्रू पहिल्या तासानंतर पुन्हा आवळा. टूलरेस्टच्या वरच्या कडेवर कानस फिरवा, मग मेण चोळा. तिथली बारीक खाच पटाशीला अडते आणि लाटण्यावर नेमका त्या जागी खड्डा उमटतो.

पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, ओतीव लोखंडाचा बेड एका रात्रीत तांबूस होतो. ओल्या लाकडाची सालपटं बेडवर राहिली तर त्याहून लवकर. बाभळीसारख्या टॅनिनच्या लाकडाने तर काळे डाग पडतात आणि तेच डाग पुढच्या फिक्या वाडग्यावर उतरतात. काम संपलं की सालपटं झाडून बेड कोरडा पुसा, आठवड्याला पेस्ट वॅक्सचा पातळ हात द्या. सिलिकॉनचा स्प्रे वापरू नका. तो हाताने लाकडावर जातो आणि पॉलिशला डोळे पडतात. रात्री सुती चादर टाका. प्लॅस्टिकखाली दमट हवा कोंडते आणि सकाळी त्याच्या आतल्या बाजूला थेंब दिसतात.